मापवही

सगुण तांडेल पँट खांद्यावर टाकून आला.
"कमरेत आटव रे. शनिवारी पुतणीची हळद आसा."
मी गळ्यातली टेप काढून त्याच्याभोवती फिरवली.
टेपचं शेपूट हातात उरलं, नेहमीपेक्षा लांब.
तेहतीस.

मापवही खोटं बोलत नाही.
गणपतीआधी: सारंग सगुण, कंबर अडतीस.
शिमग्याला छत्तीस, शेजारी माझ्याच अक्षरात 'सैल नको'.
आज तेहतीस.

"वजन उतारला, बरा झाला," तो हसला. "होडी हलकी झाली."
आणि जेवण?
"जेवान दोन माणसांचा जेवतंय."
मग माठाकडे वळला.
एक पेला. दुसरा. तिसरा उभ्यानेच.
चौथा भरताना माझ्याकडे बघून ओशाळला.
"तान रे. दर्यात आसतंय तरी तान.
राती चार-पाच येळा उठतंय.
पाणी पितंय नि मुततंय, दुसरा काम नाय."

दुकानामागच्या माडापाशी जाऊन आला.
रोज संध्याकाळी निवतीच्या जेटीवरून येताना तो तिथेच जातो.
त्या बुंध्याशी काल मी बघितलं होतं:
गुळाचा खडा नाही, खोबऱ्याचा तुकडा नाही,
नुसत्या ओल्या वाळूवर लाल मुंग्या,
जत्रेत खाजाच्या दुकानापुढे गर्दी होते तशा.

आधीच्या वहीत माझ्या बहिणीचं पान आहे.
शेवंती. छाती चौतीस, बत्तीस, तीस.
दर वेळी मी काही विचारलं नाही, टीप मारली.
शिलाई इतकी सफाईची, की कुणाला कळू नये
आतलं माणूस कमी होतंय.
ती म्हणायची, पायाला मुंग्या येतात रे.
मी म्हणायचो, दिवसभर लावणीत वाकलीस, येणारच.
अंगठ्याची जखम श्रावणातली.
दिवाळीत अजून ओली होती.
पुढचं वहीत नाही.

"पाय दाखव," मी सगुणला म्हणालो.
"पँट शिवतंस की पाय?"
टाचेला कालवाच्या शिंपीची चीर, कडा पांढऱ्या पडलेल्या.
"खय लागली ता आठवणा नाय.
रगत बघलंय तेव्हा समाजला."
दुखत नाही, हे तो अभिमानाने सांगत होता.

मी पँटची घडी घातली आणि त्याच्या हातात दिली.
"आटवूचंय नाय.
आधी परुळ्याक जा, बोटातलो एक थेंब देऊन ये.
काय ता कळांदे, मगे माप घेतंय."

तो चिडला. आज्यापासून घरात कोणाक साखर नाय,
आमी मासे खातो, साखर खातो काय!
मग बडबड थांबवून माझ्या हाताकडे बघत राहिला.
"आणि तू?
मघापासून सुईत दोरो घालतंस. पाच येळा चुकलंस.
मोजलंय मी."

मी ट्यूबलाईटला दोष दिला.
कालही तिलाच दिला होता. परवा दोऱ्याला.
सहा महिन्यांत चष्मा दोनदा बदलला, हे सांगितलं नाही.
माठ माझाच आहे.
दुपारपर्यंत तो रिकामा कोण करतं
हे दुकानात दुसरं कुणीच नसल्यामुळे उघड आहे.

सकाळच्या एसटीने दोघेही गेलो, उपाशीपोटी.
चढावर गाडी धापा टाकत होती, तो गप्प, मीही.
नर्सबाईंनी त्याचं बोट पुसलं, टोचलं,
यंत्रावरचा आकडा दोनदा बघितला
आणि कागदावर लिहिला, मी लिहितो तसाच:
आधी आडनाव, मग नाव, मग माप.
मान वर न करता म्हणाल्या, "आता तुमचं."

तीस वर्षं सुईने टोचलेलं बोट.
अंगुस्तान खिशातच होतं.
सवयीने चढवलं,
आणि मग काढून
टेबलावर ठेवलं.