गुळणी

साखळीच्या फार्मसीत
तोंडावर हात धरून विचारलं,
तेव्हा शाणू शिरोडकरनं निळी बाटली पुढं सरकवली.
"अर्धा मिनिट. मान मागं. गिळायचं नाही."

तीन रात्री खळखळत राहिलो,
पुदिना झोंबून डोळ्यांत पाणी.
एकदा शेजारच्या कोंबड्यानं उत्तरही दिलं.

चौथ्या रात्री खोकल्यासरशी
बेसिनच्या पांढऱ्यावर पडला
भाताच्या शिताएवढा, पिवळट खडा.
बोटांत चिरडला, नाकाशी नेला
आणि कळलं,
सुलक्षा भिंतीकडं तोंड करून का झोपते.
कधी बोलली नाही.
फक्त खिडकी सताड ठेवायची,
आषाढातसुद्धा.

बावीस वर्षं खाणीच्या काट्यावर होतो.
लाल धुळीनं माखलेले ट्रक,
दहा टन, साडेदहा,
आकडा मोठ्यानं पुकारायचो.
खाण थांबली, मग घरातही
हात आडवा धरूनच बोलत राहिलो,
थोडकं, कामापुरतं.

हा एवढासा माल.
ह्याला कुठला काटा?

नळ सोडला.
आत जाऊन म्हटलं, "सुलक्षा."
हात खाली होता.

ती उठली,
खिडकीची एक झडप ओढून घेतली,
म्हणाली, "केवढ्याला पडली बाटली?"