शंभरातली शेवटची विनंती

तोर्सहावनच्या बोट-कचेरीत, वरच्या मजल्यावर
दोन सर्व्हर शेजारी शेजारी ठेवलेत.
मी कुणाच्याच बाजूचा नाही. मी मोजतो.

हानुसचा प्रोग्रॅम वीस वर्षांचा.
प्रत्येक विनंतीसाठी नवी प्रोसेस जन्माला घालतो.
ती डोळे उघडते, डेटाबेस उघडते,
एक तिकीट कापते आणि मरते.
मागे ना देणं, ना आठवण.
"स्वच्छ कारभार," हानुस म्हणतो, स्वेटरच्या बाह्या सारत.
सेकंदाला दोनशे बारा.

रान्वाचा मागच्या हिवाळ्यातला.
एकच धागा, एकच फेरा,
पंगतीतल्या तरबेज वाढप्यासारखा:
पान रिकामं दिसलं की वाढायचं,
कुणी विचारात पडलं की पुढे सरकायचं,
उभं राहायचं नाही कुणापाशी.
सेकंदाला नऊ हजार चारशे.

हानुसने कॉफी ओतली, आधी स्वतःला.
"कशावर मोजलंस?"
कोऱ्या पानावर, मी म्हटलं,
फक्त 'सुप्रभात' लिहिलेल्या.
"मग सुप्रभातच विकू या."

घोडामैदान लांब नव्हतं.
गुरुवारी वारा फिरला, फुग्लोयची फेरी रद्द,
आणि अख्खी बेटं एकदम दारात.
मी विनंत्या आलटूनपालटून पाठवत राहिलो,
एक इकडे, एक तिकडे.

दहा मिनिटं रान्वाचा वाढपी पायाला भिंगरी लावून.
मग बंदराच्या अधिकाऱ्याने मागितली यादी:
गाड्या, माणसं, एकशे चाळीस मेंढ्या,
कानातल्या बिल्ल्यांच्या क्रमांकांसकट.
वाढपी मेंढ्या मोजत उभा राहिला
चार सेकंद,
आणि सगळी पंगत हात वाळवत बसली.

तीच यादी हानुसकडे गेली तेव्हा
एक प्रोसेस धापा टाकत मेली, एकटीच.
शेजारणीला पत्ता नाही.
पण तीनशेवी जन्मली आणि मेमरी संपली.
अंथरूण पाहून पाय पसरावेत
हे नवजात प्रोसेसला सांगणार कोण?
डिस्क रात्रभर करकरत होती.

आणि दोघंही, शेवटी,
आसनांच्या एकाच तक्त्याशी, एकाच कुलपापाशी
खोळंबलेले.
तिथे वेगाला कुणी विचारत नाही.

रात्री आलेख काढला. सरासरी देखणी आली,
कुणालाही दाखवावी अशी.
मी तळाशी गेलो, शंभरातल्या शेवटच्या विनंतीपाशी.
अकरा पूर्णांक चार सेकंद.
फुग्लोय. एक आसन. परतीचं नको.
कारण: रुग्णालय.
कुठल्या सर्व्हरवर?
आधी रान्वाच्या, तिथे तुटली.
मग हानुसच्या, तिथेही.
तिसऱ्यांदा मिळालं, शनिवारचं.

रान्वा बराच वेळ त्या ओळीकडे बघत होती.
मग तिने मेंढ्यांची यादी फेऱ्यातून बाहेर काढली,
वेगळ्या प्रोसेसमध्ये टाकली.
"जन्मेल आणि मरेल," म्हणाली,
हानुसकडे न बघता.

हानुसने जुनी फाइल उघडून
स्क्रीन तिच्याकडे वळवला.
वीस वर्षांपूर्वी स्वतःसाठी लिहिलेली टीप:
'फुग्लोयची लाइन मंद. डोकं आधी पाठव,
धड मागून. माणसाला कळू दे
की दार उघडलंय.'
तिने ती जशीच्या तशी उतरवून घेतली,
शुद्धलेखनाच्या चुकीसकट.

अहवालातून सरासरीचा रकाना मी काढला नाही.
फक्त खाली सरकवला.