चावीवाला

सव्वीसचा होतो तेव्हा हातात आली,
लोखंडी, वर आडवी मूठ, माझ्या कमरेइतकी.
देताना बसप्पा मुकादम म्हणाला,
"जड हाय बघ. गावाचा घसा हाय हातात तुझ्या.
आवळू नको."

तेव्हा पाणी रोज यायचं.
पहाटे मिलचा भोंगा झाला की मी झाकण उचलायचो,
बारा आटे डावीकडं.
पाइपात आधी हवा खोकायची
आणि गल्लीच्या टोकाला कुणीतरी ओरडायचं, नीळ्ळु वच्चिनय्!
पलीकडच्या बोळात, नीर बंदाव!
नळाला चिंधी बांधलेल्या तिसऱ्या दारातून, पानी आया रे!
चावी एक आणि हाका तीन.

रात्रपाळी सुटलेले लोक केसांत कापूस घेऊन जायचे,
चाळिशीचे दिसायचे सगळेच, विशीतलेसुद्धा.
राजव्वा कोंगारी घागर भरेपर्यंत
पायरीवर तेंदूपानं कापत बसायची,
मांडीवरचं सूप कधी हललं नाही तिचं.
मागाच्या खटखटीत व्हॉल्व्हचा आवाज लागायचा नाही,
मग पाणी मी तळहातानं ऐकायला शिकलो.
नंदीध्वजाच्या वाटेवर, संक्रांतीला,
दोन आटे जादा द्यायचो.
साहेबाला ते कधी कळलं नाही.

भोंगा बंद झाला तो वार कुठला होता
आठवत नाही.
त्या दिवशी मला जाग उशिरा आली, पाणी उशिरा सुटलं
आणि रांगेतलं कुणी एक शब्द बोललं नाही,
एवढं आठवतं.

पुढं डांबर आलं.
दर निवडणुकीला एक थर.
रस्ता वर चढला, झाकणं खाली राहिली, विहिरीसारखी,
आणि चावी पुरेना.
गुरुसिद्धप्पा वेल्डरनं वीतभर पाइप जोडला,
पैसे घेतले नाहीत, त्याच्या घरी तेव्हा लग्न होतं,
म्हणाला, "तेवढं टाकी भरू दे."
पाच-सहा वर्षांनी दुसरा जोड. मग तिसरा,
तो त्याच्या पोरानं मारला, जरा तिरका.

गाव विजापूर रोडनं गेलं, होटगी रोडनं गेलं,
जिथं हरणं दिसायची तिथं बंगल्यांना नावं लागली.
जुळे सोलापूर म्हणतात एका भागाला.
जुळं झालं खरं,
पण आईचं दूध तेवढंच.
रोजचं पाणी दिवसाआड झालं,
दिवसाआडचं तिसऱ्या दिवशी,
मग चौथ्या, पाचव्या,
आणि पोरी सोयरीक बघताना विचारायला लागल्या,
तुमच्याकडं पाणी कुठल्या वारी?

आता पाणी येतं तेव्हा कुणी ओरडत नाही.
मोबाइल वाजतो, मोटर लागते,
काळ्या टाक्या छपरांवर गपचूप पितात.
माग आहेत अजून, बोळात, थोडे,
टॉवेल विणतात.
मी तिथं जरा जास्त वेळ उभा राहतो,
बिडी ओढायच्या निमित्तानं.

उद्या निवृत्त.
चावी आता माझ्यापेक्षा उंच आहे,
तीन जोड, एक तिरका.
नव्या पोराला, श्रीशैलला, आज सगळ्या जागा दाखवल्या.
मॉलच्या पार्किंगमागं, मिलच्या चाळीची लाईन,
चाळ नाही, लाईन आहे.
झाकण उचलून मी चावी टेकवली.
"काका, हे पाणी कुठं जातं?"
कुठं नाही.
तरी फिरवत जा महिन्यातनं एकदा,
गंज धरेल.

त्यानं हात लावला.
मूठ पकडायची पद्धत चुकीची होती, बोटं वर.
मी दुरुस्त केली.
बारा आटे, म्हटलं, डावीकडं.
दहाव्याला अडतं.
तिथं जोर लावायचा नाही,
थांबायचं थोडं.