इथे म्हणजे कुठे

आधी फोन मीच धरायचो.
ग्रिसेल्दाबाई कास्त्रोहून सांगायच्या,
"चेहरा नको, रेनान. हात दाखव. तिचे हात."
माझा दंड भरून यायचा, चित्र हलायचं.
शेवटी आईने करड्या लोकरीने
फोन चुलीवरच्या काठीला टांगला,
तोंड खाली करून,
जिथे आम्ही शिंपल्यांच्या माळा धुराला लावतो, त्यांच्याच रांगेत.
मी बेकार झालो. वय वर्षं अकरा.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी
आमच्या घरातले दोन शब्द काढून घेतले :
इथे आणि तिथे.
"इथे म्हणजे कुठे, नोल्फा?"
आणि आई, जिने सात वर्षं
इथे ये, तिथे बस, एवढ्यावर ओतिलियाला वाढवलं,
डाव हातात धरून गप्प उभी.
मग चाचपडत म्हणाली,
"तुझ्या डाव्या हाताशी. पेल्याच्या मागे. गरम आहे."
आमची जेवणं लांबली.
मीठ मागायलासुद्धा अख्खं वाक्य लागायचं.

'बघ' मात्र बाईंनी राहू दिला.
चाखून बघ, हुंगून बघ, हात लावून बघ.
तो ओतिलिया पहिल्यापासूनच वापरत होती,
आमच्यापेक्षा नीट.

पुस्तक फेरीबोटीने यायचं होतं.
वारा सुटला, लेमुय बेटाची फेरी बंद.
"सहा खळग्यांचं काही आहे का घरात?"
पावाचा साचा निघाला, कान तुटका.
उभा ठेवला : दोन रांगा, तीन तीन खळगे.
ठिपके म्हणून बटाटे. लहान, जांभळे, उकडलेले;
आमच्याकडे दुसरं काही नसलं तरी ते असतात.
डावीकडे वर एक, डावीकडे खाली एक,
उजवीकडे मधला :
ओ. ओतिलियाचा ओ.
नऊ वेळा तिने तो चाचपला.
दहाव्या वेळी बटाटे दोनच होते.
मला भूक लागली होती.
डावीकडचा खालचा मी खाल्ला.

फोन वरून हसला.
"अरे, ओचा ए केलास तू!"
ए. म्हणजे एलिसेर. म्हणजे बाबा,
जे दाराशी बसून दोर विणत होते,
जे वर्गाच्या वेळी कधी आत येत नसत,
शाळेच्या कागदावर सही करायची झाली तर
बाहेर जाऊन करून आणत.
ते आले. ओले बूट तसेच.
दोन बटाट्यांवर हात ठेवून उभे राहिले.
"एवढंच?" म्हणाले.

पाटी आली, टोच्या आला, जाड कागद आला.
बाबांच्या बोटांना कागदावरचे ठिपके लागेनात;
शिंपले खरवडून खरवडून कातडं घट्ट झालेलं.
ओतिलियाने त्यांचा हात गरम पाण्यात बुडवून ठेवला.
नाही लागले.
मग तिने कागद त्यांच्या ओठांखाली धरला,
दाढीचे खुंट बाजूला सारत.
बाबा हलले नाहीत. पाणी गार झालं.

रात्री त्यांनी स्वतःचं नाव टोचलं.
उलट्या बाजूने, उजवीकडून सुरुवात करायची,
हे बाईंनी सांगितलं तेव्हा ते होडीवर होते.
पहिलंच अक्षर आरशातलं निघालं.
ओतिलियाने बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.
"ईपासून सुरू होतंय. हा ईलिसेर कोण?"

तो कागद होडीच्या खोपट्याला खिळ्याने ठोकलाय,
दमट हवेत ठिपके बसत चाललेत.
आई म्हणते, दुरुस्त करा.
बाबा करत नाहीत.
ती उंबऱ्यातून हाक मारते, ईलिसेर!
आणि खाली धक्क्यावरून
ते ओ देतात.