गुडघ्याएवढं

गुडघ्याएवढं अंतर उरलं की
शटर थांबतं. तीन दिवस झाले.

मिरजेहून तौफिक मुजावर आला.
मोटरला हात लावून म्हणाला, तापलेली नाही.
लिमिट बरोबर. पट्ट्या सरळ.
पुरात गंजलेली खाच तेवढी ग्रीस मागत होती,
ती दिली.
तरी गुडघ्याशी थांबलंच.

मग तो उकिडवा बसला,
सेन्सरच्या काचेवरून बोट फिरवलं :
पिवळं.
"हळद बसलीय डोळ्यात, शेठ.
त्याला वाटतंय, कुणीतरी मध्ये आहे."

पाडव्यापर्यंत भूपालअण्णा
असेच ऐनवेळी वाकून आत शिरायचे,
विसरलेल्या डब्यासाठी.
अख्खी गणपती पेठ हसायची.

काच पुसली.
शटर खाली टेकलं, एका दमात.
तौफिकनं चारशे घेतले.

डबा अजून
वजनकाट्यामागेच आहे.