नऊ अक्षरं, सम सातव्यावर

मिरजेच्या दवाखान्यांच्या पाट्या वाचत
मी इंग्रजी शिकले. हा एक शब्द मात्र
कधी एका दमात संपला नाही.
उद्या तोंडी परीक्षा, आणि बाई म्हणाल्या,
"जुलेखा, तू शब्द म्हणत नाहीस,
पोतं ओढत नेतेस."

सतारमेकर गल्लीत रात्रीचे अकरा.
वर टांगलेले भोपळे, खाली लाखेचा वास.
अब्बा घोडीवर कानस फिरवतायत.
जवारी काढताना डावा कान पुढं करतात,
उजवा दोन वर्षांपूर्वीच मिटला.

ओ टो राय नो लॅ रिन गॉ ल जी.
बोटांवर मोजते. एक बोट उरतं.

"चिरून बघ की. रेषा कुठं जाते?"

चिरला. ओटोतनं कान निघाला,
रायनोतनं नाक
(गेंड्याचंही तेच, हे त्यांना फार आवडलं),
मग घसा, आणि टोकाला विद्या,
कुठल्याही विद्येला बसते ती खुंटी.
पण बोलताना शब्द सांध्यावर सुटतच नाही:
घशाचा ग निसटतो
आणि विद्येच्या दारात जाऊन बसतो.
बाईंचं म्हणणं, नेमकं तिथंच जोर द्यायचा.
आपल्यात कोण देतं असा जोर?
आपलं ऱ्हस्व, दीर्घ, झालं.

अब्बांनी कानस ठेवली.
ओटो, रायनो, लॅरिन, गुडघ्यावर तीन थापा,
"हा मुखडा."
मग पंजा सबंध पडला. गॉ.
"ही सम. पुढचं आपसूक ओघळतंय.
त्या ल ला कशाला जपतीस? जाऊ दे."

म्हटलं, आणि शेवटी 'कल' जोडलं,
तर जोर सरकून लॉ वर जातो.
"शेपूट लावली म्हणून सम हलवायची?"
ते हसले. "लबाड गवई आहे."

मग कानस उचलता उचलता, सहज:
"मला तो ल ऐकूच आला नाही. जी पण नाही.
अक्षरं येत नाहीत गं आता.
वजन येतं."

परीक्षा झाली. दुपारी त्यांना घेऊन गेले.
खिडकीपाशी अब्बांनी अख्खा शब्द म्हटला,
समेवर फळीवर हात देऊन.
रांगेतली माणसं वळून बघायला लागली.
आतला पोरगा मान वर न करता म्हणाला,
"कान-नाक-घसा. तीन नंबर."

अब्बा माझ्याकडं वळले.
"काय म्हणाला?"