ग्राहकाचे नाव

पास्टर गावित नवापूरहून एसटीनं आले,
मांडीवर उपरण्यात बांधलेलं पुस्तक.
माझ्या दुकानामागं, नंदुरबारला, पथारीवर मिरची वाळत होती.
ते चारदा शिंकले, मग म्हणाले,
"जिनगर, शिवण गेलीय."

मी आधी वास घेतला.
कागद नव्हे, कातडं.
खोगिरं शिवणाऱ्याचा नातू मी, बोटाला कळतं:
वासराचं. ही केसांची बाजू, ही मांसाची.
एका पानाला भोक, जिवंतपणी गोमाशी चावलेलं,
लिहिणारा त्याला वळसा घालून पुढं गेलेला
जसा नांगर शेतातल्या धोंड्याला.

मधे मोठ्या अक्षरांत थोडंसं,
भोवती चारी बाजूंनी बारीक, दाट.
"मधलं देवाचं," पास्टर म्हणाले, "काठाचं माणसांचं. अर्थ सांगितलाय."
"तुम्हाला वाचता येतं?"
"लॅटिन आहे. मिसबाईंनाही येत नव्हतं."
मळ मात्र सगळा काठाला.
सातशे वर्षांचे अंगठे
अर्थाच्या बाजूला टेकलेले.

पहिल्या पानावर नावं.
एक कुठल्या मठाचं, खाली चोरणाऱ्याला शाप.
दुसरं चाकूनं खरवडलेलं,
उजेडापुढं धरलं की खरवडणाऱ्याचा रागही दिसतो.
तिसऱ्यानं नावच नाही टाकलं, नुसती दिलेली किंमत.
चौथा स्वीडनचा धर्मगुरू. त्याच्या नातीनं ते
क्विनीनच्या बाटल्यांशेजारी पेटीत घालून इकडं आणलं.
ती मिसबाई. एकाहत्तरला परत गेली.
पेटी राहिली रतनी वळवीकडं, दवाखान्यातली दाई.
शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं, मोडक्या अक्षरात:

सुमन, पहाटे.
मार्था, बाजाराच्या दिवशी, उलटी.
मुलगा, नाव नाही, दोन दिवस.
पांढरी शेळी, दोन पिल्लं.

आता परदेशातल्या कुणा विद्वानाचं पत्र आलंय,
मालकीचा संपूर्ण क्रम कळवावा.
पास्टरांनी लिहून आणला होता. मिसबाईंपाशी संपत होता.
"अन् रतनीबाई?"
"ती मालकीण कुठं, जिनगर? ती सांभाळत होती फक्त."
मी सुईत दोरा ओवत होतो,
तोंडात दोऱ्याचं टोक. बोललो नाही.

कणा सोलला तर आत एक पट्टी,
दुसऱ्याच पुस्तकाची, कापून चिकटवलेली.
तीन तुटक ओळी, एक लाल अक्षर.
आम्ही सगळे हेच करतो,
जुनं फाडायचं, नव्याच्या पाठीत घालायचं.
ज्यानं ती घातली, तो कुठल्याच क्रमात नाही.
पट्टी होती तिथं परत बसवली.
तिच्याखाली माझी एक, मिरची मार्केटच्या पावतीची,
त्यावर कुणा हमालाचं लाल बोट.

चहा ठेवता ठेवता बायकोनं विचारलं,
"हाई कोनं शे?"

मी पावतीबुक उघडलं.
जाड पुस्तक एक, कातडी. शिवण, कणा. साडेतीनशे रुपये.
ग्राहकाचे नाव.
पेन तिथंच टेकलं, शाईचा ठिपका
पसरत गेला, मसुरीएवढा झाला.
मग लिहिलं: रतनी वळवी, दाई.

पास्टरांनी वाचलं. पुन्हा वाचलं.
घडी करून पावती खिशात घातली,
आणि पैसे मोजून दिले,
वीस कमी.